वायर ठेवायची की काढायची? माऊस, कीबोर्ड आणि हेडसेटचं वेगवेगळं ठरवा

मागच्या पावसाळ्यात कराडचा एक मुलगा अख्खं कॅबिनेट मांडीवर घेऊन एसटीने माझ्या दुकानात आला. नुकतीच बारावी झालेला, व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम खेळणारा. आईने वाढदिवसाला घेऊन दिलेला वायरलेस माऊस मध्येच अडखळायचा, आणि नेमका नेम धरला की कर्सर जागच्या जागी थिजायचा. "ताई, हा ठेवून घ्या आणि वायरचा द्या. गेमिंगला वायरलेस चालतच नाही, सगळे म्हणतात." मी कॅबिनेट माझ्या टेबलावर जोडलं, गेम लावला आणि तासभर माऊस फिरवला. एकदाही अडखळला नाही. त्याचा चेहरा पडला, कारण आता त्याचं म्हणणं खोटं ठरत होतं. पण ते खोटं नव्हतं. मी त्याला म्हटलं, घरी जा, नेहमी जसं लावतोस तसं लाव आणि कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव.

फोटो आला आणि कारण दिसलं. डोंगल, म्हणजे माऊसचे सिग्नल पकडणारा यूएसबीचा छोटा तुकडा, मागच्या निळ्या पोर्टात. त्याला चिकटून शेजारच्या पोर्टात एक्स्टर्नल हार्ड डिस्क, कारण गेम तिच्यावर होता. कॅबिनेट लोखंडी टेबलाखाली, भिंतीला टेकवलेलं. मी सांगितलं, मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घे आणि डोंगल टेबलावर माऊसपॅडशेजारी आण. तोच माऊस तो आजही वापरतोय.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ मी चौदा वर्षं कॉम्प्युटर जुळवते आणि दुरुस्त करते. "वायरचं घेऊ की वायरलेस?" हा प्रश्न आठवड्यातून चार-पाचदा तरी येतोच. मी प्रत्येकाला आधी हेच विचारते: काय वायरलेस करायचंय? माऊस, कीबोर्ड, हेडसेट आणि गेमपॅड यांचं काम वेगळं, म्हणून निर्णयही वेगळा. एकाच टेबलावर माऊस बिनवायरचा आणि हेडसेट वायरचा असायला काहीच हरकत नाही. पुढे मी ज्या क्रमाने सांगतेय, त्याच क्रमाने पैसे खर्च करा असं माझं मत आहे.

माऊस

वायर काढून सगळ्यात जास्त सुख कशात मिळत असेल, तर माऊसमध्ये. कारण तो सतत हलतो. आधी घरच्या घरी एक तपासणी करा. वायरचा माऊस टेबलाच्या मधोमध ठेवा, वायर नेहमीसारखी टेबलामागे सोडा. आता एका बोटाने माऊस पुढे ढकला आणि बोट काढा. माऊस आपोआप मागे सरकला किंवा तिरका फिरला, तर वायर त्याला ओढतेय. दिवसभर तुमचं मनगट त्या ओढीशी झगडतं. भाषांतराचं काम करणाऱ्या एका ताईंचं मनगट संध्याकाळपर्यंत भरून यायचं. त्यांच्या टेबलावर मी हीच तपासणी केली तेव्हा माऊस चांगला तीन बोटं मागे आला. कमी सेन्सिटिव्हिटीवर, म्हणजे हात बराच हलवला तरी कर्सर थोडाच हलेल अशा सेटिंगवर, खेळणारी मुलं तर एका झटक्यात हात वीतभर, कधी दीड वीत नेतात. त्यांना ही ओढ जास्तच जाणवते.

पण ओढ आहे म्हणून लगेच नवा माऊस घेऊ नका. वायरला थोडी ढील देऊन टेबलाच्या मागच्या कडेला चिकटपट्टीने किंवा कागद धरायच्या काळ्या क्लिपने ती उचलून धरा, म्हणजे माऊसपाशी ती कमानीसारखी मोकळी राहील. त्या ताईंचं काम दहा रुपयांच्या क्लिपमध्ये झालं. वायर जाड, ताठ प्लास्टिकची असेल आणि क्लिप लावूनही ओढतच असेल, तर मग वायरलेसचा विचार करा.

आता उशिराबद्दल. वायरलेस म्हणजे लॅग, ही समजूत जुन्या माऊसमुळे झाली आणि त्या काळी ती खरीही होती. माऊस आपली हालचाल ठराविक वेळाने कॉम्प्युटरला कळवतो, त्याला पोलिंग रेट म्हणतात. १२५ हर्ट्झचा माऊस सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी कळवतो. १००० हर्ट्झचा दर मिलिसेकंदाला. आता मॉनिटरकडे बघा: साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, १४४ हर्ट्झचा साधारण ७ मिलिसेकंदांनी. म्हणजे १००० हर्ट्झचा माऊस वायरचा असो की डोंगलचा, तो मॉनिटरच्या कितीतरी पुढे असतो. हल्ली ८००० हर्ट्झचे माऊसही आलेत, दर ०.१२५ मिलिसेकंदाला कळवणारे. त्यांचा प्रोसेसरवर जास्त भार पडतो. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर त्यासाठी पैसे घालवू नका, तेच पैसे मॉनिटरमध्ये घाला.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण गफलत याच ठिकाणी होते. खोक्यावर नुसतं 'वायरलेस' लिहिलेलं असतं, पण त्यात दोन प्रकार येतात. एक स्वतःचा छोटा डोंगल घेऊन येणारा, ज्याला २.४ गिगाहर्ट्झ म्हणतात. दुसरा ब्लूटूथचा. आज बाजारात मिळणाऱ्या ब्लूटूथ माऊसमध्ये दोन निरोपांमधलं अंतर साधारण ७.५ मिलिसेकंदांच्या खाली जात नाही, म्हणजे सेकंदाला फार तर १३३ निरोप. एक्सेलला, टॅलीला, ऑनलाइन अर्ज भरायला हे भरपूर आहे, शिवाय लॅपटॉपचं एक पोर्ट मोकळं राहतं. पण नेमबाजीच्या गेमसाठी ब्लूटूथ नको. काही माऊसमध्ये दोन्ही सोयी असतात आणि पोटाखाली एक बटण असतं. गेम खेळताना ते डोंगलच्या बाजूला आहे ना, एवढं बघा. आणि डोंगल आहे म्हणजे गेमिंगचा आहे असंही नाही. ऑफिससाठीचे स्वस्त डोंगलवाले माऊस बहुतेक १२५ हर्ट्झचेच असतात. आकडा खोक्यावर शोधा. नसेल तर तो गेमिंगचा नाही असं धरून चाला.

वजनाचाही विचार करा. वायर गेली तरी सेल येतो. एक साधा पेन्सिल सेल साधारण २३ ग्रॅमचा असतो. लॉजिटेकचा जी३०४ हा आपल्याकडे भरपूर खपणारा माऊस सेलसकट ९९ ग्रॅम भरतो, तर त्याच कंपनीचा वायरचा जी१०२ साधारण ८५ ग्रॅम. २०२० साली आलेला जी प्रो एक्स सुपरलाइट मात्र बिनवायरचा असून ६३ ग्रॅमच्या आत आहे, पण त्याची किंमतही तशीच आहे. जी३०४ जड वाटला तर मुलं एक युक्ती करतात, आणि ती चालते: बारीक पेन्सिल सेल (एएए) अडॅप्टरमध्ये घालून वापरायचा. तो साधारण साडेअकरा ग्रॅमचा असतो, त्यामुळे माऊसची मागची बाजू लगेच हलकी लागते. सेल लवकर संपतो, हे त्याबदल्यात सोसायचं.

किमतीचं माझं मत स्पष्ट आहे. गेमसाठी हजाराच्या आतबाहेर बजेट असेल तर वायरचाच घ्या. तेवढ्या पैशांत वायरच्या माऊसला चांगला सेन्सर, म्हणजे हालचाल टिपणारा भाग, मिळतो. बिनवायरच्या स्वस्त माऊसमध्ये रेडिओ, सेलची जागा आणि डोंगल यांवर पैसे जातात आणि कात्री सेन्सरला लागते.

डोंगल कुठे लावायचा

हा भाग वाचल्याशिवाय माऊस परत करायला निघू नका. वायरलेसच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यातल्या निम्म्याहून जास्त डोंगलची जागा बदलून मिटतात.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ. भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी तो २००५ पासून परवानामुक्त आहे, म्हणून त्यात गर्दीही आहे. तुमचं वायफाय, शेजाऱ्यांचं वायफाय, सगळ्यांचे ब्लूटूथ इअरफोन आणि माऊसचा डोंगल तिथेच. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ च्या आसपास चालतो. पुण्यातल्या सोसायटीच्या फ्लॅटमध्ये वायफायची यादी उघडली की वीस नावं दिसतात. तिथे पहिलं काम हे करा: राउटरला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा असेल तर कॉम्प्युटर आणि मोबाइल त्यावर न्या, म्हणजे आपल्याच घरातली गर्दी तरी कमी होईल.

दुसरं कारण कराडच्या मुलाचं. निळ्या जिभेचं पोर्ट बहुधा यूएसबी ३ चं असतं. त्यावर हार्ड डिस्क किंवा वेगवान पेन ड्राइव्ह चालू असला की त्यातून रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो, आणि तो नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं होतं. शेजारच्या पोर्टातला इवलासा डोंगल त्या गोंगाटात माऊसचं म्हणणं ऐकू शकत नाही. त्यात कॅबिनेटचा पत्रा मध्ये आला की आणखी भर.

म्हणून डोंगल यूएसबी २ च्या काळ्या पोर्टात किंवा पुढच्या बाजूला लावा. त्याहून चांगलं म्हणजे एक्स्टेन्शन केबलने टेबलावर आणा, माऊसपासून हातभर अंतराच्या आत. गेमिंग माऊसच्या खोक्यात ही केबल बहुतेक वेळा दिलेली असते आणि लोक ती खोक्यासकट माळ्यावर टाकतात. आज उतरवून आणा.

डोंगल हरवला तर? स्वस्त माऊसचा डोंगल हरवला की माऊस टाकून द्यावा लागतो, कारण दुसरा त्याच्याशी जुळत नाही. प्रवासात डोंगल सेलच्या खणातल्या खाचेत ठेवायची सवय लावा. लॉजिटेकच्या युनिफाइंग जातीचा असेल तर मात्र तसाच दुसरा रिसीव्हर (म्हणजे डोंगल) घेऊन जोडता येतो, आणि एकाच रिसीव्हरवर सहा उपकरणं चालतात.

कीबोर्ड

कीबोर्ड जागचा हलत नाही. वायर त्याला ओढत नाही. त्यामुळे टेबलावरच्या कॉम्प्युटरला मी वायरचाच कीबोर्ड देते आणि गिऱ्हाइकाचे पैसे वाचवते. कॉम्प्युटर टीव्हीला जोडून पलंगावरून वापरणार असाल, किंवा टॅबलेटबरोबर प्रवासात न्यायचा असेल, तरच बिनवायरचा घ्या.

वायरच्या बाजूने एक भक्कम कारण आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. विंडोज बिघडलं आणि बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जायचं झालं, तर ब्लूटूथ कीबोर्ड बहुतेक मशीनवर कामाला येत नाही, कारण ब्लूटूथ चालवणारं सॉफ्टवेअर अजून सुरूच झालेलं नसतं. डोंगलवाला सहसा चालतो, वायरचा तर चालतोच. तुमच्याकडे कितीही महागडा ब्लूटूथ कीबोर्ड असू दे, तीनचारशे रुपयांचा एक वायरचा कीबोर्ड कपाटात ठेवाच.

दुसरं कारण सुरक्षेचं, आणि सीए ऑफिस, पतसंस्था, दवाखाने यांना मी हे आवर्जून सांगते. फेब्रुवारी २०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी 'माऊसजॅक' नावाने दाखवून दिलं की अनेक कंपन्यांच्या बिगर-ब्लूटूथ डोंगलमध्ये १०० मीटरपर्यंतच्या अंतरावरून दुसरा माणूस स्वस्त रेडिओ वापरून खोट्या की दाबू शकतो. म्हणजे तुमचा हात टेबलावर नसतानाही स्क्रीनवर अक्षरं उमटू शकतात. काही कंपन्यांनी नंतर दुरुस्ती दिली. पण नाव नसलेल्या स्वस्त जोड्यांचं काय झालं असेल, ते तपासायला आपल्याकडे मार्ग नाही. जिथे पासवर्ड आणि लोकांचे पैसे आहेत तिथे वायर लावा. घरच्या गेमिंगला एवढी काळजी नको.

टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलींना मी पूर्ण आकाराचा, वायरचा आणि साधाच कीबोर्ड घ्यायला सांगते. संस्थांमध्ये तसलेच ओळीने लावलेले असतात आणि बोटांना त्यांच्याच अंतराची सवय लागलेली बरी.

बिनवायरचा मेकॅनिकल कीबोर्ड घेतलाच, तर दिवे बंद ठेवा. रंगीत दिवे बॅटरी इतक्या वेगाने खातात की महिनाभर टिकणारा चार्ज काही दिवसांत संपतो.

हेडसेट

इथे मी जवळजवळ प्रत्येकाला वायर सुचवते, आणि कारण माईकचं आहे. एक निवृत्त शिक्षक काका दर रविवारी झूमवर संस्कृतचे वर्ग घेतात. मुलाने परदेशातून भारी ब्लूटूथ हेडफोन पाठवला. गाणी अप्रतिम ऐकू यायची, पण वर्ग सुरू झाला की विद्यार्थी म्हणायचे, "सर, आवाज डब्यातून आल्यासारखा येतोय." काकांना वाटलं, आपल्या घशालाच काहीतरी झालं. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये गाण्यांचा मार्ग एकाच दिशेने जाणारा असतो. माईक उघडला की हेडसेट दुसऱ्या, फोनसाठीच्या मार्गावर जातो, आणि तिथे आवाज एकसुरी आणि अरुंद होतो. काकांना मी साधा वायरचा हेडसेट दिला. पहिल्याच रविवारी विद्यार्थ्यांना 'श' आणि 'ष' वेगळे ऐकू आले. हे सांगायला काका स्वतः दुकानात आले होते.

गेममध्ये आणखी एक अडचण. साध्या ब्लूटूथवर आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद, कधी त्याहूनही उशिरा पोचतो. सिनेमा बघताना हे कळत नाही, कारण प्लेअर चित्रही तेवढंच थांबवून धरतो. गेमला तसं थांबता येत नाही. शत्रूची पावलं ऐकू येतात तोवर तो समोर आलेला असतो. वायर नकोच असेल तर स्वतःचा २.४ गिगाहर्ट्झ डोंगल असलेला हेडसेट घ्या, त्यात हा उशीर नगण्य असतो आणि माईक चालू झाल्यावरही आवाज बऱ्यापैकी टिकतो.

वायरचा घेताना जॅक बघा. मोबाइलला चालणारा, तीन काळ्या रेघांचा एकच जॅक असेल आणि कॉम्प्युटरला हिरवं-गुलाबी अशी दोन भोकं असतील, तर दोन शेपट्यांचा स्प्लिटर लागेल. तो त्याच दिवशी घ्या, नाहीतर ऐकू येईल पण बोलता येणार नाही. जुन्या वाड्यात अर्थिंग नसतं, तिथे जॅकमधून गुणगुण ऐकू येते. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली तर दोष हेडसेटचा नाही, वीजजोडणीचा आहे. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

गेमपॅड

पलंगावरून दोन-तीन मीटर लांबच्या टीव्हीवर खेळायचं, तर वायर पायात येते आणि घरात लहान मूल असेल तर टीव्हीच खाली येतो. बिनवायरचाच घ्या. टेबलापाशी बसून मारामारीचे गेम खेळत असाल तर केबल जोडा. एक्सबॉक्सचा पॅड दोन पेन्सिल सेलवर चालतो, पीएस५ च्या पॅडला आतली बॅटरी आहे, आणि दोन्ही केबलने पीसीला जोडता येतात. फक्त केबल डेटाची असू द्या. पॉवर बँकेबरोबर आलेल्या कितीतरी केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. त्यांनी पॅड चार्ज होतो पण कॉम्प्युटरला दिसत नाही, आणि लोक पॅड बिघडला म्हणून घेऊन येतात.

सेल, बॅटरी आणि तुटलेली वायर

आतली बॅटरी की बदलायचा सेल, हेही ठरवायचं असतं. आतली बॅटरी दोन-तीन वर्षांनी उतरते आणि बदलायला माऊस खोलावा लागतो. सेलचा माऊस मिनिटात पुन्हा उभा राहतो. मी सेलच्या बाजूची आहे. रिचार्ज होणारे सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, म्हणून काही माऊस ते भरलेले असतानाही बॅटरी कमी असल्याचं दाखवतात. त्याने घाबरू नका. माऊसला पुरेनासा झालेला साधा सेल भिंतीवरच्या घड्याळात आणखी काही महिने चालतो. आणि महिनोन्‌महिने वापर नसेल तर सेल काढून ठेवा. फुटलेल्या सेलची पांढरी बुरशी पट्ट्या खाते. थोडी लागली असेल तर कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

आतली बॅटरी असलेला घेतलात, तर चार्जिंगची केबल लावूनही तो वापरता येतो ना, हे दुकानातच लावून बघा. काहींचं पोर्ट पोटाखाली असतं. चार्ज होताना तो माऊस उताणा पडून राहतो.

वायरचा माऊस बहुतेक एकाच ठिकाणी मरतो: वायर माऊसमध्ये शिरते त्या मानेपाशी. किंवा उंदराच्या दातांनी, विशेषतः धान्याच्या दुकानांत. हा मृत्यू खरा नसतो. आत लाल, पांढरी, हिरवी आणि काळी अशा चार तारा असतात. मानेपासून दोन इंच कापून पुन्हा डाखल्या की माऊस जिवंत होतो. चांगला वायरचा माऊस टाकून देण्याआधी दुरुस्तीवाल्याला एकदा दाखवा.

गेमिंग कॅफे काढणाऱ्यांनी मात्र सगळं वायरचंच घ्यावं. दहा मशीन शेजारी शेजारी म्हणजे दहा डोंगल एकाच पट्ट्यात, रोज रात्री दहा चार्जिंग, आणि खिशात सहज मावणारे दहा माऊस.

घरी आणल्यावर

माल परत घेण्याची मुदत किती आहे ते बिलावर लिहून घ्या आणि पहिल्या दोन दिवसांतच सगळं बघून टाका. डोंगल टेबलावर आणा. माऊसचा पोलिंग रेट दाखवणाऱ्या मोफत साईट आहेत, त्यांवर माऊस जोरात फिरवा. १००० लिहिलं असेल तर आकडा त्याच्या आसपास यायला हवा. मग हार्ड डिस्कवर मोठी फाइल कॉपी करायला लावा, मोबाइलवर वायफायने व्हिडिओ लावा आणि त्या गर्दीतच गेम खेळा. हेडसेटवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका, एकदा शांत खोलीत आणि एकदा पंखा पाचवर ठेवून. शेवटी रात्री माऊस तसाच चालू ठेवून झोपा. सकाळी पहिला स्पर्श झाल्यावर कर्सर किती वेळाने हलतो ते बघा. एक-दोन सेकंद चालतील. बटण बंद-चालू केल्याशिवाय तो उठतच नसेल, तर खोकं भरा आणि मुदत संपायच्या आत दुकान गाठा.